सलंग

सोमवारी मुख्याधिकारी साहेबांनी मसुदा हातात दिला:
'पावसाच्या पाण्याचा निचरा, मिळकतधारक व विकासक यांचेकरिता नियमावली.'
म्हणाले, कुंदाताई, तुमचं मराठी बरं आहे,
लोकांना समजेल असं करा. शुक्रवारी सभा आहे.

मी नगरपंचायतीत आवक-जावक बघते.
निचरा हा शब्द मला वर्षभर
फक्त तक्रारींच्या पाकिटांवर भेटतो.

नियम पहिला. छपराचे पाणी स्वतःच्या आवारात मुरवावे,
शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडू नये.
हे सोपं गेलं. यावरून आमच्या आळीत
दोन जावा सतरा वर्षं बोलल्या नाहीत.
पन्हळ होती हातभर, पत्र्याची.

नियम चौथा. दारापुढच्या नालीवर रॅम्प बांधल्यास
नळ्याचा व्यास बारा इंचांहून कमी नसावा.
व्यास खोडून मी लिहिलं: हात घालून गाळ काढता येईल एवढं तोंड.
मग शालिकचा हात आठवला, खांद्यापर्यंत आत गेलेला,
गाल सिमेंटला टेकलेला.
तेही खोडलं. फावडं जाईल एवढं, असं केलं.

सातवा लांबलचक होता.
नवीन अभिन्यास मंजूर करताना नैसर्गिक प्रवाहमार्ग
बुजविता, वळविता अथवा संकुचित करता येणार नाही.
इथे पेन्सिल थांबली.

बाबा तलावाचे पाणकर.
पाळीवर उभे राहून
कोणत्या बांधीला किती तहान, ते बोटांवर मोजायचे.
लोक तुडुमाचं कौतुक करत, ते सलंगाचं.
सलंग म्हणजे पाळीचा मुद्दाम ठेंगणा ठेवलेला खांदा.
'जास्तीच्या पान्याले जावाची जागा.
तुडुम कोनीबी बसवते, पोरी.
सलंग सोडाले अक्कल लागते.'

त्या सलंगाखालच्या आठ एकरांत
आजोबांच्या आजोबांनीही गोठा बांधला नाही.
आता तिथे लेआउट आहे, जलविहार नगरी.
कमानीवर सिमेंटचे दोन राजहंस,
एकेचाळीस प्लॉट, मुरमाचे रस्ते.
खेमेंद्र राहांगडाले, माणूस वाईट नाही,
ऑफिसात आला की सगळ्यांना तर्री-पोहे मागवतो.
मीही खाल्लेत. लिंबू पिळून.
मंजुरीला जावक क्रमांक मीच टाकला.
नकाशात तिथे रेघ नव्हती.
वर्षातले बारा-पंधरा दिवस पाणी जातं,
तेवढ्यासाठी कोण रेघ काढतं?

गेल्या भादव्यात प्लॉट नंबर एकवीसमध्ये
डोंगरवार मास्तरांच्या देव्हाऱ्याखाली
वीतभर मरळ सापडली, जिवंत.
सलंगावरून उतरली असेल,
तिच्या आज्या-पणज्यांच्या वाटेने.
मास्तरांनी तिला बादलीतून तलावात सोडलं
आणि मग अर्ज लिहिला. विषय: निचरा.

त्या दिवशी बाबांना स्कूटीवर घेऊन गेले होते.
कमानीखाली गुडघाभर पाणी.
सोफे बाहेर काढणारी माणसं, रडणारं एक पोर,
कोणाचा तरी फोन, जेसीबी पाठवा म्हणून.
बाबांनी काठी पाण्यात उभी धरली,
तिच्याभोवतीची वळी पाहत राहिले.
मला वाटलं, बिल्डरला शिवी देतील, मलाही.
म्हणाले,
'पानी बराबर जाऊन राह्यलं.'

मी सातवा नियम असा लिहिला:
पाणी जिथून जात आलं आहे, तिथून त्याला जाऊ द्यावे,
नकाशात रेघ असो वा नसो.

साहेबांनी शेवटची ओळ कापली.
कायद्यात बसत नाही, ताई. नकाशाच नाही तर पुरावा कोणता?
त्यांचंही बरोबर असेल.
शुक्रवारी ठराव झाला, पोहे आले,
मी स्वच्छ प्रत टंकून फलकावर टाचली.

संध्याकाळी कपाट लावताना
जलविहारची कार्यालयीन प्रत उघडली.
तलावाच्या कोपऱ्यापासून रस्त्याच्या मोरीपर्यंत,
एकवीस नंबरमधून,
पेन्सिलने एक रेघ काढली.
पट्टी घेतली नाही,
ती वाट सरळ नव्हतीच कधी.